कुत्र्यांची ‘घट’ आणि सरकारांची सोय

धान्याच्या गोदामात उंदीर-किडीने खाल्लेल्या मालाला व्यापारी ‘घट’ म्हणतो. शंभर पोत्यांमागे अमुक किलो घट धरायची, हिशेबाच्या वहीत तशी नोंद करायची आणि पुढच्या कामाला लागायचे. त्यात कुणाला वाईट वाटण्याचे कारण नसते.

ऑस्ट्रेलियातील ग्रेहाऊंड शर्यतीच्या धंद्यातही अशाच अर्थाचा एक शब्द अनेक वर्षे रूढ होता. फरक एवढाच, की तिथे घटीत जाणारा माल श्वास घेणारा होता. न्यू साउथ वेल्स या एका राज्यात बारा वर्षांत ९७,७८३ ग्रेहाऊंड शर्यतीसाठी जन्माला घातले गेले. त्यांपैकी किती मारले गेले याचा अंदाज त्या राज्याच्या चौकशी आयोगाने २०१६ मध्ये दिला. किमान ४८,८९१ आणि कदाचित ६८,४४८. म्हणजे रोज अकरा ते पंधरा कुत्री, बारा वर्षे, एकही दिवस सुट्टी न घेता. ती आजारी नव्हती, कुणाला चावलीही नव्हती. त्यांचा गुन्हा इतकाच, की ती पुरेशी वेगाने धावली नाहीत.

हे आकडे एखाद्या प्राणीप्रेमी संघटनेच्या पत्रकातले असते तर ‘भावनिक माणसे वाढवून सांगतात’ म्हणून सोडून देता आले असते. पण आयोगाचे प्रमुख होते मायकेल मॅकह्यू, ऑस्ट्रेलियाच्या सर्वोच्च न्यायालयाचे माजी न्यायाधीश. त्यांनी उद्योगातल्या लोकांचीच साक्ष घेतली, त्यांचीच कागदपत्रे वाचली आणि मग हा निष्कर्ष काढला. म्हणून या धंद्याबद्दल बोलायचे तर सुरुवात इथूनच करावी लागते. आणि विचारावे लागते, की इतके सगळे सरकारी दप्तरी नोंदले गेल्यावरही हा धंदा चालू कसा राहिला?

गणितच असे आहे

आधी हा खेळ कसा चालतो ते पाहू. लंबगोल धावपट्टीच्या कडेला रूळ असतो. त्या रुळावरून विजेवर चालणारा नकली ससा पळतो आणि त्याच्यामागे सहा किंवा आठ कुत्री सोडली जातात. हा यांत्रिक ससा अमेरिकेत विसाव्या शतकाच्या सुरुवातीला विकसित झाला. १९२६ मध्ये इंग्लंडमधील मँचेस्टरच्या बेल व्ह्यू मैदानावर ब्रिटनमधली अशा प्रकारची पहिली नियमित शर्यत झाली आणि तिथून हा खेळ कामगार वस्त्यांमध्ये पसरला. शर्यत अर्ध्या मिनिटाच्या आसपास संपते. तेवढ्या वेळासाठी तिकीट खिडकीवर, सट्ट्याच्या दुकानात आणि आता मोबाइलवर पैसे लागतात.

ग्रेहाऊंड ताशी साठ किलोमीटरहून अधिक वेगाने धावतो. या वेगात पहिल्या वळणावर सगळी कुत्री एकाच वेळी आतल्या कडेकडे झेपावतात. ती एकमेकांवर आदळतात, पडतात, कठड्यावर आपटतात. धावपट्टीवर नेहमी एकाच दिशेने वळायचे असल्याने मागच्या उजव्या पायाच्या घोट्यातील हाडावर पुन्हा पुन्हा तोच ताण येतो आणि ते मोडते. माणसाचा घोटा मोडला तर प्लास्टर घालतात. शर्यतीच्या कुत्र्याचा मोडला, की मालक उपचाराचा खर्च आणि कुत्र्याची उरलेली कमाई यांची तुलना करतो. मग पशुवैद्य सुई भरतो. नोंदवहीत त्याला दयामरण म्हणतात. हाड जोडता आले असते तरी त्याला दयामरणच म्हणतात. दयेचा इतका स्वस्त वापर दुसरीकडे क्वचितच होत असेल.

पण धावपट्टीवरचा मृत्यू हा या गोष्टीचा लहान भाग आहे. मोठा भाग प्रेक्षकांना कधी दिसत नाही. एका विजेत्या कुत्र्यासाठी अनेक पिल्ले जन्माला घालावी लागतात, कारण कोणते पिल्लू वेगवान निघेल हे आधी कळत नाही. काही पिल्ले धावपट्टीपर्यंत पोहोचतच नाहीत. काही दोन-चार शर्यतींत मागे पडतात. जी जिंकतात त्यांचीही कारकीर्द साधारण तीन-चार वर्षांच्या वयात संपते. ग्रेहाऊंडचे आयुष्य मात्र बारा-तेरा वर्षांचे असते. म्हणजे यशस्वी कुत्र्यालाही आठ-नऊ वर्षे कुणीतरी सांभाळायला हवे. कमाई न देणारा प्राणी आठ वर्षे पोसायला धंदा तयार नसतो, आणि दरवर्षी नवी पिल्ले येतच राहतात.

म्हणून हा प्रश्न मालक चांगला की वाईट हा नाही. उद्या सगळे मालक संतवृत्तीचे निघाले तरी हे गणित बदलत नाही. जितकी कुत्री जन्माला घातल्याशिवाय शर्यत चालत नाही, तितक्या कुत्र्यांना आयुष्यभर सांभाळून शर्यत परवडत नाही. हा उद्योग मोडका झाला म्हणून कुत्री मरतात असे नाही. तो नीट चालतो तेव्हाही ती मरतात.

नासका आंबा की नासकी अढी?

१६ फेब्रुवारी २०१५ रोजी ऑस्ट्रेलियाच्या ‘एबीसी’ वाहिनीवरील ‘फोर कॉर्नर्स’ या कार्यक्रमात छुप्या कॅमेऱ्याने घेतलेली दृश्ये दाखवली गेली. प्रशिक्षणाच्या जागी यांत्रिक आमिषाला जिवंत डुकराची पिल्ले, ससे आणि पॉसम नावाचे झाडावर राहणारे मांजराएवढे प्राणी बांधले होते. आमिष गरगर फिरत होते आणि कुत्री त्यांचे लचके तोडत होती. कारण काय, तर रक्ताची चव लागलेला कुत्रा अधिक जोमाने धावतो अशी समजूत. ही पद्धत तिथे कायद्याने गुन्हा होती. तरीही ती परवानाधारक, नावाजलेल्या प्रशिक्षकांकडे चालू होती.

उद्योगाने तेव्हा काय म्हटले? दोन-चार नासके आंबे आहेत, ते काढून टाकू. आयोगाने मात्र पुरावे तपासून सांगितले, की दहा ते वीस टक्के प्रशिक्षक या प्रकारात गुंतलेले असावेत. अढीतला पाचवा आंबा नासका निघत असेल, तर दोष आंब्याला द्यायचा की अढीला?

त्याहून गंभीर निष्कर्ष पुढे होता. ज्या संस्थेवर या खेळाचे नियमन करण्याची जबाबदारी होती, तिनेच शर्यतीतील दुखापतींची खरी व्याप्ती लोकांसमोर येऊ नये अशा रीतीने नोंदी करण्याचे धोरण ठेवले होते. गंभीर इजांचे वर्णन सौम्य शब्दांत केले जात होते. राखणदारच शेतात गुरे सोडत होता. खेळ वाढवायचा आणि खेळावर लक्षही ठेवायचे अशी दोन्ही कामे एकाच संस्थेकडे दिली, की काय होते याचा हा नमुना. धंद्याचे हित आणि प्राण्याचे हित समोरासमोर आले, तेव्हा कुणाची बाजू घेतली गेली हे सांगायला नको.

आयोगाची पहिलीच शिफारस अशी होती, की या उद्योगाने समाजाची मान्यता गमावली आहे काय आणि तो बंद करावा काय, याचा संसदेने विचार करावा.

बंदी आली आणि गेली

७ जुलै २०१६ रोजी राज्याचे पंतप्रधान माइक बेअर्ड यांनी बंदी जाहीर केली. ऑगस्टमध्ये कायदा मंजूर झाला. १ जुलै २०१७ पासून राज्यात ग्रेहाऊंड शर्यत बंद होणार होती. बेअर्ड हे उजव्या विचारांच्या, धंद्याच्या बाजूच्या लिबरल पक्षाचे नेते. प्राण्यांच्या प्रश्नावर त्यांच्याकडून कुणी फारशी अपेक्षाही ठेवली नव्हती. त्यांनी अहवाल वाचला आणि यावर दुसरा उपाय नाही असे सांगितले. निदान त्या दिवशी तरी एका राजकारण्याने अहवाल कपाटात न ठेवता अंमलात आणायचे ठरवले होते.

मग जे घडले ते आपल्याला ओळखीचे वाटेल. सिडनीचे वर्तमानपत्र आणि रेडिओवरचे लोकप्रिय निवेदक सरकारवर तुटून पडले. विरोधी मजूर पक्षाने ‘गरिबाच्या खेळावर श्रीमंतांचा घाला’ अशी हाक दिली. घोड्यांच्या शर्यती चालतात, मग कामगाराच्या कुत्र्यावरच डोळा का, असा सवाल झाला. सत्तेतल्या भागीदार नॅशनल पक्षाच्या ग्रामीण आमदारांच्या पायाखालची जमीन सरकू लागली. ऑरेंज या ग्रामीण मतदारसंघात पोटनिवडणूक तोंडावर होती. ११ ऑक्टोबर २०१६ रोजी, घोषणेला जेमतेम तीन महिने होत असताना, बेअर्ड यांनी आपण चुकलो असे म्हणत बंदी मागे घेतली. नोव्हेंबरमध्ये ऑरेंजची जागा तरीही गेलीच. जानेवारी २०१७ मध्ये बेअर्ड यांनी राजकारण सोडले.

आयोगाचे आकडे खोटे ठरले म्हणून बंदी मागे घेतली गेली नाही. एकाही आकड्याचा निकाल त्या तीन महिन्यांत बदलला नाही. बदलली ती फक्त मतांची बेरीज. ज्यांचा जीव जात होता त्यांना मत नव्हते.

‘गरिबाचा खेळ’ या युक्तिवादाकडे मात्र कानाडोळा करता येणार नाही, कारण त्यात सत्याचा अंश आहे. लहान गावातला निवृत्त कामगार दोन कुत्री पाळतो, शनिवारी त्यांना घेऊन मैदानावर जातो, तिथे त्याचे मित्र भेटतात. त्याचे आयुष्य त्याभोवती गुंफलेले असते. अशा माणसाला एका सकाळी रेडिओवरून कळावे की तुझा छंद आता गुन्हा आहे, ही वागणूक उद्दामपणाची होती. बेअर्ड सरकारने पर्यायी रोजगाराची, भरपाईची आणि कुत्र्यांच्या पुनर्वसनाची योजना आधी मांडून मग बंदी आणायला हवी होती. हा दोष सरकारचाच.

पण उपजीविकेच्या नावाने किती काळ काय काय चालू ठेवायचे? खाणीत मुले कामाला लावणाऱ्यांनीही पोटापाण्याचाच दाखला दिला होता. गरिबाचे नाव पुढे करणाऱ्यांना एक विचारावे. या खेळातला पैसा शेवटी कुणाच्या खिशात जातो? दोन कुत्री पाळणारे बहुतेक लोक वर्षअखेर तोट्यात असतात. नफा सट्टा घेणाऱ्या कंपन्यांचा आणि सट्ट्यावर कर वसूल करणाऱ्या सरकारी तिजोरीचा. माणशी जुगारात सर्वाधिक पैसा गमावणाऱ्या देशांत ऑस्ट्रेलिया अग्रभागी आहे. तो पैसा कुणाच्या पगारातून जातो? त्याच कामगाराच्या. कुत्रा धावतो, कामगार हरतो आणि दोघांच्या नावाने तिसराच माणूस गळा काढतो.

सुधारणेचे नाटक

बंदी मागे घेताना सरकारने वचन दिले, की आता कडक नियमन होईल. कुत्र्यांच्या कल्याणासाठी वेगळा आयोग नेमला गेला. धावपट्ट्या सुरक्षित करण्यासाठी सरकारी पैसा दिला गेला. निवृत्त कुत्री दत्तक देण्याचे कार्यक्रम वाढले. काही सुधारणा खऱ्या होत्या, हे मान्य करू.

आठ वर्षांनी, २०२४ मध्ये, त्याच राज्यातील शर्यत चालवणाऱ्या संस्थेच्या मुख्य पशुवैद्यकाने पद सोडताना लिहिलेला अहवाल बाहेर आला. कुत्र्यांचे हाल, त्यांना झालेल्या दुखापती आणि दत्तक देण्याबाबतचे दावे यांवर त्यात गंभीर आक्षेप होते. संस्थेच्या मुख्य कार्यकारी अधिकाऱ्याने राजीनामा दिला आणि सरकारने पुन्हा एक चौकशी नेमली. चौकशी, सुधारणा, उघडकीस येणारा नवा प्रकार आणि पुन्हा चौकशी. या चक्राला धावपट्टीसारखाच आकार आहे. कितीही धावले तरी सुरुवातीच्याच जागी परत येतो.

हे एकट्या न्यू साउथ वेल्सचे नाही. ब्रिटनमध्ये २०१८ पासून उद्योग दुखापतींचे आकडे जाहीर करतो. त्या वर्षी परवानाधारक मैदानांवर ४,९६३ दुखापती झाल्या आणि २४२ कुत्री मैदानावरच मेली. सहा वर्षांच्या सुधारणांनंतर, २०२४ मध्ये, ३,८०९ दुखापती आणि मैदानावरचे १२३ मृत्यू. उद्योग सांगतो, बघा, मृत्यू निम्म्यावर आले. आले खरे. पण अनेक वर्षे उद्योगासोबत एकाच टेबलावर बसून सुधारणा घडवू पाहणाऱ्या आरएसपीसीए, डॉग्ज ट्रस्ट आणि ब्लू क्रॉस या संस्थांनी २०२२ मध्ये जाहीर केले, की आता शर्यत टप्प्याटप्प्याने बंद झाली पाहिजे. ही मंडळी पहिल्याच दिवशी घोषणा देत रस्त्यावर उतरलेली नव्हती. आतून सुधारण्याचा मार्ग संपल्यावर ती बाहेर आली.

ब्रिटनमध्ये धावणारी बहुसंख्य कुत्री जन्मतात आयर्लंडमध्ये. तिथल्या शर्यत मंडळाने स्वतःच करून घेतलेल्या एका अहवालातील अंदाज २०१९ मध्ये ‘आरटीई’ या सरकारी वाहिनीने उघड केला. वर्षाला सुमारे १६,००० ग्रेहाऊंड जन्माला येतात आणि वेग कमी पडला म्हणून ५,९८७ मारले जातात. या बातमीने देश हादरला, पुरस्कर्ते मागे हटले. सरकारी अनुदान मात्र थांबले नाही. आजही तिथला करदाता दरवर्षी कोटींच्या घरात युरो या खेळाला देतो, त्याने आयुष्यात एकही शर्यत पाहिली नसली तरी.

इंग्लंडच्या डरहॅम परगण्यातील सीहॅम या गावी २००६ मध्ये उघडकीस आलेला प्रकार तर कायद्याची दृष्टीच दाखवून देतो. बांधकाम साहित्य विकणारा एक माणूस पंधरा वर्षे, कुत्र्यामागे दहा पौंड घेऊन, नको असलेले ग्रेहाऊंड मारून आपल्या जमिनीत पुरत होता. संख्या दहा हजारांच्या घरात असल्याचे वृत्तपत्राने म्हटले. त्याला दंड झाला दोन हजार पौंड. कशासाठी? परवाना नसताना कचरा पुरल्याबद्दल. मारण्याबद्दल नव्हे. त्याच्या दारात गाडीतून कुत्री उतरवणाऱ्या प्रशिक्षकांचे पुढे काय झाले, हा प्रश्न कुणी फार ताणला नाही.

न्यूझीलंडमध्ये २०१३, २०१७ आणि २०२१ अशा तीन चौकशा झाल्या. प्रत्येक वेळी सुधारणेची संधी दिली गेली. अखेर डिसेंबर २०२४ मध्ये शर्यत खात्याचे मंत्री विन्स्टन पीटर्स यांनी ग्रेहाऊंड शर्यत बंद करण्याची घोषणा केली. पीटर्स हे घोड्यांच्या शर्यतींचे जुने पाठीराखे. प्राणीहक्कवाले म्हणून त्यांची टिंगल कुणी करू शकणार नव्हते. तीन चौकशांनंतरही दुखापतींचे प्रमाण खाली येत नाही, एवढे कारण त्यांना पुरले. काम गुंडाळायला त्यांनी वीस महिन्यांची मुदत दिली, जेणेकरून माणसे आणि कुत्री दोघांचीही सोय लावता यावी. बेअर्ड यांच्या घाईतून कुणीतरी धडा घेतला म्हणायचा. दोनच महिन्यांनी वेल्सच्या सरकारनेही बंदीचा निर्णय जाहीर केला.

प्रेक्षक कुठे आहेत?

‘लोकांना आवडतो म्हणून खेळ चालतो’ असे म्हणणाऱ्यांनी एकदा दुपारच्या वेळी ब्रिटनमधल्या एखाद्या मैदानावर जाऊन यावे. रिकाम्या खुर्च्यांसमोर कुत्री धावत असतात. या शर्यती सट्ट्याच्या दुकानातील पडद्यांसाठी आणि मोबाइलसाठी असतात, कारण दोन फुटबॉल सामन्यांच्या मधल्या वेळातही पैज लावायला काहीतरी लागते. दर काही मिनिटांनी एक शर्यत पुरवणे हे त्या कुत्र्यांचे काम.

अमेरिकेतील फ्लोरिडा राज्यात तर याहून विचित्र व्यवस्था होती. तिथे पत्त्यांचा जुगार चालवायचा परवाना हवा असेल तर मैदानावर कुत्र्यांच्या शर्यती घेणे कायद्यानेच बंधनकारक होते. प्रेक्षक नाहीत, शर्यतीत तोटा होतो, मालकांनाही ती नको आहे. तरी कुत्री धावत होती, मोडत होती, मरत होती, केवळ शेजारच्या खोलीतला पोकर चालू राहावा म्हणून. नोव्हेंबर २०१८ मध्ये हा प्रश्न थेट मतदारांसमोर गेला. ६९ टक्के लोकांनी बंदीच्या बाजूने मत दिले. हे राज्य राजकीयदृष्ट्या किती दुभंगलेले आहे हे ज्यांना ठाऊक आहे त्यांना या टक्केवारीचा अर्थ कळेल. ३१ डिसेंबर २०२० नंतर तिथे एकही शर्यत झाली नाही. कोणत्याही पक्षाच्या नेत्याला विचारण्याआधी सामान्य माणसाला विचारले, तर उत्तर मिळायला फार वेळ लागत नाही.

तीन प्रश्न, तीन उत्तरे

पहिला प्रश्न शर्यतवाल्यांचा. ‘ग्रेहाऊंडला धावायला आवडते, त्याला थांबवणे हाच जुलूम.’ त्याला धावायला आवडते, यात शंका नाही. मोकळ्या रानात सोडा, तो दोन फेऱ्या मारील आणि येऊन तुमच्या पायाशी झोपेल. ग्रेहाऊंड घरात दिवसाचा बराच वेळ झोपून काढतो, हे तो पाळणारे सगळे सांगतात. त्याला धावणे आवडते यावरून सात जणांसोबत वळणावर आदळणे, उरलेला दिवस खुराड्यात काढणे आणि चौथ्या वर्षी सुई टोचून घेणेही आवडते, असे कसे ठरते?

दुसरा प्रश्न आपल्याकडे नेहमी विचारला जातो, आणि विशेषतः आपल्याला. ‘तुम्ही मांस खाता, मग कुत्र्यांबद्दल बोलण्याचा तुम्हाला अधिकार काय?’ मांसाहाराची चर्चा जरूर व्हावी, तीही प्रामाणिकपणे. पण एका ठिकाणी प्राणी मारला जातो म्हणून दुसऱ्या ठिकाणी त्याचे हाल करायला परवानगी मिळते, हा कुठला न्याय? खाटकाच्या दुकानात निदान काय घडते हे कुणी लपवत नाही. इथे मृत्यूला ‘घट’ म्हणतात आणि करमणुकीच्या जाहिरातीत हसरी कुटुंबे दाखवतात. दया ताटावरूनच मोजायची असेल, तर शाकाहारी सट्टेबाज जगातला सर्वांत दयाळू माणूस ठरेल.

तिसरा प्रश्न आपल्याच चळवळीतल्या मित्रांचा. ‘माणसे मरत असताना कुत्र्यांचे काय घेऊन बसलात?’ हा प्रश्न मनापासून आलेला असतो, म्हणून त्याला चिडून उत्तर देऊ नये. पण वर सांगितलेली कहाणी पुन्हा पाहा. अहवाल दडपणे, नियामक आणि धंदेवाईक यांची मिलीभगत, गरिबाचे नाव पुढे करून बड्यांचा नफा राखणे, ज्याला मत नाही त्याचा बळी देऊन निवडणूक वाचवू पाहणे. यांतली कोणती गोष्ट फक्त कुत्र्यांच्या वाट्याला आली आहे? दुबळ्याला आकड्यात रूपांतरित करायची सवय समाजाला एकदा लागली, की ती दोन पायांपाशी थांबत नाही. करुणा ही काही रेशनवर मिळणारी साखर नव्हे, की कुत्र्याला दिली तर माणसाला कमी पडेल.

बंदीनंतर कुत्र्यांचे काय?

‘शर्यत बंद केली तर हजारो कुत्री रस्त्यावर येतील, मारावी लागतील’ ही धमकी प्रत्येक देशात दिली गेली. मकाऊचे उदाहरण पाहा. तिथले कॅनिड्रोम मैदान आशियात कुप्रसिद्ध होते. ऑस्ट्रेलियातून आलेली कुत्री तिथून जिवंत परतत नसत. एकट्या २०१० मध्ये तिथे ३८३ कुत्री मारली गेली. स्थानिक ‘अनिमा’ संस्थेने वर्षानुवर्षे पाठपुरावा केला, तोवर बाहेरच्या देशांतील संस्थाही सोबत आल्या आणि जुलै २०१८ मध्ये मैदान बंद झाले. मागे पाचशेहून अधिक कुत्री उरली होती. कार्यकर्त्यांनी त्यांची जबाबदारी घेतली आणि इटली, ब्रिटन, अमेरिका अशा देशांत त्यांना घरे शोधून दिली. शर्यत चालू होती तेव्हा जे अशक्य होते ते ती बंद झाल्यावर शक्य झाले. कारण उघड आहे. नळ चालू ठेवून फरशी पुसता येत नाही. नवी पिल्ले जन्माला घालणे थांबले, की शेवटच्या पिढीला सांभाळणे हे मोजता येण्याजोगे काम उरते.

आपल्या दारात

हे सारे दूरदेशीचे म्हणून सोडून देता येणार नाही. सांगली, कोल्हापूर, सातारा भागात गावच्या यात्रेनिमित्त श्वान शर्यतींचे फलक आता दिसतात. रोख बक्षिसे, ढाली, पाहुण्यांचे फोटो. पंजाबातही ग्रामीण खेळांत ग्रेहाऊंड धावतात. बैलगाडा शर्यतीला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने १८ मे २०२३ रोजी मान्यता दिली ती राज्याने केलेल्या कायदादुरुस्तीमुळे. ती दुरुस्ती बैलांपुरती आहे. कुत्र्यांना ती लागू नाही. शिवाय बैलगाडा शर्यतीच्या बाजूने निदान परंपरेचा दावा तरी करता येतो. परदेशी जातीचा कुत्रा आणून शर्यत लावण्यात कसली आली परंपरा?

प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा १९६० पासून आहे. प्राण्यांना खेळ-प्रदर्शनासाठी वापरायचे तर कलम २२ नुसार नोंदणी लागते. ससा वन्यजीव संरक्षण कायद्याखाली संरक्षित आहे. यात्रा समितीला परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्याने एवढे दोन कायदे वाचले तरी पुष्कळ.

आपल्याकडे हा प्रकार अजून लहान आहे. त्याच्यामागे अजून कंपनी उभी नाही, त्याच्या करावर कुठलीही तिजोरी अवलंबून नाही, त्याच्या नावाने मते मागणारा पक्ष नाही. न्यू साउथ वेल्सने दाखवून दिले, की एकदा या तिन्ही गोष्टी आल्या की सर्वोच्च न्यायालयाच्या माजी न्यायाधीशाचा अहवालही तीन महिन्यांत हरतो. म्हणून आपले काम सोपे आहे, आणि ते आत्ताच करायचे आहे. तुमच्या तालुक्यात श्वान शर्यतीचा फलक दिसला, तर त्याचा फोटो काढा, तहसीलदार आणि पोलीस ठाण्याला लेखी अर्ज द्या, पोच घ्या. आयोजक बहुधा ओळखीचे, गावातलेच असतील. त्यांच्याशी भांडू नका, बसून बोला. त्यांना एकच विचारा. या कुत्र्यांपैकी जी पुढच्या वर्षी हरतील, ती त्याच्या पुढच्या वर्षी कुठे असतील?

त्यांना उत्तर सांगता आले, तर उत्तमच. नाही आले, तर त्या यात्रेत बक्षीस कसले वाटले जात आहे हे त्यांनाही कळेल.